हिमस्खलन : बर्फाच्या उतारावर पाऊल टाकण्यापूर्वी

डिसेंबर उजाडला, की मुंबई-पुण्याकडील गिर्यारोहकांची पावले उत्तरेकडे वळू लागतात. सांकरीहून केदारकांठा, लोहाजंगहून ब्रह्मताल, उत्तरकाशीजवळचा दयारा बुग्याल आणि स्कीइंगची आवड असणाऱ्यांसाठी काश्मीरमधील गुलमर्ग ही नावे आता आपल्याकडे राजगड-तोरण्याइतकीच परिचयाची झाली आहेत. यातील बहुतेकांची तयारी सह्याद्रीत झालेली असते. दमसास, वाटेची जाण, कातळावरील तोल या गोष्टी तेथे उत्तम शिकता येतात. मात्र हिवाळी हिमालयातील सर्वांत फसवा धोका सह्याद्रीत अनुभवाला येतच नाही, कारण तेथे बर्फच नाही. हा धोका हिमस्खलनाचा आहे.

हिमस्खलन म्हणजे वरून अचानक कोसळणारे संकट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रस्त्यावरील वाहने, सीमेवरील चौक्या आणि डोंगराच्या पायथ्याची गावे यांच्याबाबतीत ती बरीचशी खरीही आहे. हौसेने बर्फात जाणाऱ्यांचे चित्र मात्र वेगळे आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील अपघातांच्या अभ्यासानुसार, अशा प्राणघातक अपघातांपैकी दहातील सुमारे नऊ प्रसंगी तो उतार स्वतः बळी पडलेल्या व्यक्तीने किंवा तिच्याच गटातील कोणीतरी सोडवलेला असतो. थोडक्यात, ट्रेकरच्या पायाखालचा बर्फ त्याच्याच वजनाने सुटतो. ही गोष्ट जितकी भयावह तितकीच दिलासा देणारीही आहे. जे आपल्या पावलामुळे घडते, ते पाऊल न टाकता टाळताही येते.

बर्फाचा ‘स्लॅब’ कसा सुटतो?

हिवाळ्यात डोंगरावर साचणारा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला दुसरा, उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला तिसरा, अशी त्याची रचना एखाद्या पुस्तकाच्या पानांसारखी असते. या थरांपैकी एखादा कमकुवत असला आणि त्यावर घट्ट, जड थर बसला, की स्खलनाची पूर्वतयारी झाली असे समजावे.

हिमस्खलनाचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात सुटा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून घसरू लागतो आणि पंख्याच्या आकारात पसरत जातो. दुसरा प्रकार स्लॅबचा. यात वरचा घट्ट थर एका रेषेत तुटतो आणि संपूर्ण फळी एकदम खाली सरकते. घराच्या बांधकामामुळे स्लॅब हा शब्द आपल्या परिचयाचा आहेच. आधार देणाऱ्या भिंती खचल्या, तर वर उभ्या असलेल्या माणसाला पळायला वाव राहत नाही. येथेही तसेच घडते. तुटण्याची रेषा बहुधा माणसाच्या वरच्या बाजूला उमटते आणि तो सरकत्या फळीच्या मध्यभागी सापडतो. काही क्षणांत या फळीचे तुकडे होतात आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. प्राणघातक अपघातांपैकी बहुसंख्य अपघात याच प्रकारचे असतात.

कमकुवत थर तयार होण्याची कारणेही समजून घ्यायला हवीत. जमिनीलगतच्या बर्फाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते, तर वरचा पृष्ठभाग रात्री उणे पंधरा-वीस अंशांपर्यंत थंड होतो. हा फरक बर्फाच्या पातळ थरात सामावलेला असेल, तर आतील बाष्प वर सरकते आणि कणांचा आकार बदलून ते खडीसाखरेसारखे मोठे, टोकदार आणि एकमेकांना न चिकटणारे होतात. असा बर्फ मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडलेला आणि सावलीतील उत्तराभिमुख उतारांवर टिकून राहिलेला थोडासा बर्फ पुढे जानेवारीतील मोठ्या हिमवर्षावाखाली हेच काम करतो. ‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोकाही कमी’ हा तर्क त्यामुळेच फसवा ठरतो. निरभ्र, शांत रात्री पृष्ठभागावर जमणारे पिसांसारखे दहिवर दिसायला मोहक असते. पण त्यावर नवा बर्फ पडला, की तेही तितकेच घातक ठरते.

उताराचे गणित

सह्याद्रीत ‘जितका चढ तीव्र तितका धोका अधिक’ हे सूत्र मनात पक्के झालेले असते. बर्फात ते लागू पडत नाही. साठ अंशांच्या आसपासच्या उभ्या उतारावर बर्फ साचण्यापूर्वीच थोडाथोडा घसरून जातो. पंचवीस अंशांपेक्षा सौम्य उतारावर तो सहसा सुटत नाही. खरा धोका ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो आणि त्यातही ३५ ते ४० अंशांचे उतार सर्वाधिक कुप्रसिद्ध आहेत. शहरातील इमारतीच्या जिन्याचा चढ साधारणपणे तीस अंशांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा उतार किती सामान्य वाटू शकतो याची कल्पना येईल.

उतार मोजण्यासाठी छोटे उतारमापक मिळते. बहुतेक मोबाईल फोनमध्येही ती सोय आहे. दोन सारख्या लांबीच्या काठ्या असल्या तरी काम भागते. एक काठी बर्फावर सरळ उभी धरावी आणि दुसरी तिला टेकवून, उताराच्या दिशेने आडवी धरावी. आडव्या काठीचे टोक उताराला लागते तेव्हा ती उभ्या काठीच्या निम्म्या उंचीवर असेल, तर उतार सुमारे २७ अंशांचा आहे. थेट वरच्या टोकाशी असेल, तर तो ४५ अंशांचा समजावा. निम्म्याच्या वर गेली, की सावध झालेले बरे.

आपण चालतो आहोत तो उतार सौम्य असला, तरी माथ्यावरचा उतार तीव्र असू शकतो. वर सुटलेला बर्फ सपाटीवरही दूरवर धावत येतो. शिवाय, कमकुवत थर सलग पसरलेला असेल, तर पायथ्याशी चालणाऱ्याच्या वजनानेही वरचा उतार सुटू शकतो. म्हणून ‘मी कोठे उभा आहे’ यासोबतच ‘माझ्या डोक्यावर काय आहे’ हा प्रश्नही सतत विचारायला हवा.

भूभागाचा आकारही महत्त्वाचा आहे. सह्याद्रीत चढाईसाठी आपण नाळ शोधतो आणि सोंड टाळतो. हिवाळी हिमालयात नेमके उलट वागावे लागते. नाळेत, घळीत किंवा ओढ्याच्या पात्रात लहानसे स्खलनही माणसाला खोल गाडते, कारण बर्फाला पसरायला जागा नसते. रुंद सोंड किंवा धार तुलनेने सुरक्षित असते. मात्र धारेवर वाऱ्याने तयार केलेले बर्फाचे छज्जे दरीच्या बाजूला पुढे आलेले असतात. वरून ते भक्कम जमिनीसारखे दिसत असले, तरी त्यांच्या खाली पोकळी असते. त्यांच्यापासून बरेच अंतर राखून चालावे.

हवामान काय सांगते?

पश्चिम हिमालयात हिवाळ्यातील बर्फ प्रामुख्याने पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या या हवामान प्रणाली डिसेंबर ते मार्चदरम्यान एकामागून एक येत राहतात. हिमवर्षाव सुरू असताना आणि तो थांबल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वाधिक धोक्याचे मानले जातात. एका दिवसात तीस सेंटिमीटर म्हणजे सुमारे फूटभर नवा बर्फ पडला, तर तीव्र उतारांकडे फिरकूच नये. दुर्दैवाने वादळानंतरची पहिली निळीशार सकाळच छायाचित्रांसाठी आणि चढाईसाठी सर्वाधिक मोह पाडणारी असते.

वाऱ्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. आकाश स्वच्छ असले तरी जोरदार वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकत राहतो आणि काही तासांत तेथे मोठा, घट्ट स्लॅब तयार होतो. शिखरावरून बर्फाची धूळ उडताना दिसली, की वाऱ्याच्या आडोशाला असलेले उतार भरत आहेत, असे समजावे. बर्फावर पडणारा पाऊस आणि तापमानात अचानक झालेली वाढ हीदेखील धोक्याची कारणे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये सूर्याभिमुख उतार दुपारी भिजून जड होतात. त्या काळात पहाटे निघून माध्यान्हापूर्वी परतण्याचा नियम अनुभवी मंडळी काटेकोरपणे पाळतात.

हिमालयातील बर्फाचा स्वभाव सर्वत्र सारखा नाही. पीर पंजालसारख्या बाहेरच्या रांगांत तुलनेने उबदार, ओलसर आणि भरपूर बर्फ पडतो. तेथे नवा बर्फ थोड्या अवधीत मोठ्या प्रमाणावर सुटतो, पण तो लवकर स्थिरावतोही. काराकोरमच्या बाजूला थंडी कडक आणि बर्फ कोरडा असतो. तेथे कमकुवत थर आठवडेच्या आठवडे टिकून राहतात. मुख्य हिमालयीन रांगेची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. एका खोऱ्यातील अनुभव दुसऱ्या खोऱ्यात जसाच्या तसा लावणे त्यामुळे योग्य नव्हे.

निसर्गाने दिलेले इशारे

पुढील पाच खुणांपैकी एकही आढळली, तर ३० अंशांवरील उतार टाळावेत, असे जगभरातील प्रशिक्षक सांगतात.

१) आसपासच्या उतारांवर ताजी हिमस्खलने झालेली दिसणे. याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

२) पाऊल टाकताच ‘धप्प’ असा दबका, पोकळ आवाज होणे आणि बर्फ किंचित खचल्याचे जाणवणे. आतील कमकुवत थर कोसळल्याचे हे लक्षण आहे.

३) पायापासून वा स्कीपासून पुढे धावत जाणाऱ्या भेगा.

४) गेल्या दोन दिवसांत जोरदार हिमवर्षाव, पाऊस किंवा वाऱ्याने साचलेला बर्फ.

५) तापमानात झपाट्याने झालेली वाढ आणि उतारावरून आपोआप गडगडत येणारे बर्फाचे गोळे.

जंगलही वाचता येते. उताराच्या मधोमध झाडे नसलेला सरळ पट्टा, वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेली झाडे किंवा एकाच दिशेला वाकलेले भोजवृक्ष ही स्खलनाच्या नेहमीच्या मार्गाची चिन्हे होत. अशा पट्ट्यात किंवा त्याच्या तोंडाशी तंबू ठोकू नये, विश्रांतीसाठीही थांबू नये. विरळ झाडी संरक्षण देत नाही. जेथून सहज चालत वा स्कीवरून जाता येते, त्या झाडीतून हिमस्खलनही जाऊ शकते.

अंदाज कोण देते?

भारतात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या अखत्यारीत होतो. १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झालेली हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था ‘सासे’ या नावाने ओळखली जात असे. २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेसह तिचे विलीनीकरण होऊन चंडीगड येथे मुख्यालय असलेली ‘डीजीआरई’ ही संस्था अस्तित्वात आली. हिवाळ्यात ती जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आदी भागांसाठी जिल्हावार इशारे देते आणि राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे ते जनतेपर्यंत पोहोचवितात. ‘अमुक जिल्ह्यात २४०० मीटरवरील भागात धोका’ अशा स्वरूपाची सूचना वाचली, तर आपला मुक्काम आणि शिखर कोणत्या उंचीवर आहे, हे लगेच ताडून पाहावे.

आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार धोक्याच्या पाच पातळ्या मानल्या जातात : कमी, मध्यम, लक्षणीय, मोठा आणि अतिशय मोठा. पाचपैकी तिसरी पातळी म्हणजे ‘मधली’, असा सोयीस्कर अर्थ अनेकजण काढतात. प्रत्यक्षात धोका प्रत्येक पातळीगणिक कैक पटींनी वाढत जातो. तिसऱ्या पातळीवर एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो. आल्प्समधील अनुभव असा, की चौथ्या-पाचव्या पातळीवर लोक घरी बसतात आणि तिसऱ्या पातळीवर बाहेर पडून सर्वाधिक प्राण गमावतात.

इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, पायाखालच्या उतारासाठी नव्हे. हिमालयाच्या विस्ताराच्या मानाने निरीक्षण केंद्रे विरळ आहेत. म्हणून इशारा नसणे म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. स्थानिक वाटाड्यांशी चर्चा आणि स्वतःचे निरीक्षण यांची जोड त्याला द्यावीच लागते.

अलीकडील घटनांचा धडा

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील द्रौपदी का दांडा-२ या शिखराच्या परिसरात नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाचा गट हिमस्खलनात सापडला. या दुर्घटनेत २७ जणांचे मृतदेह हाती लागले, तर दोघांचा शोध लागला नाही. मृतांमध्ये प्रशिक्षक सविता कंसवाल यांचा समावेश होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट व मकालू ही दोन्ही शिखरे सोळा दिवसांच्या आत सर केली होती. कौशल्य आणि अनुभव कितीही असो, बर्फ माणसाची पात्रता पाहून सुटत नाही, याची ही सर्वांत वेदनादायी आठवण आहे.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नाथू लाकडे जाणाऱ्या मार्गावर पंधराव्या मैलाजवळ झालेल्या स्खलनात सात पर्यटक मरण पावले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच जाण्याची परवानगी होती, असे अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले होते. ट्रेकिंगचा गंध नसलेला, गाडीतून उतरून बर्फात खेळणारा पर्यटकही या धोक्यापासून मुक्त नाही, हे त्यातून दिसले.

गुलमर्ग येथे १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू दगावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यातून काही मिनिटांत तेरा हजार फुटांच्या घरात पोहोचता येते. तेथून आखलेल्या मार्गाबाहेर पडले, की माणूस थेट अनियंत्रित डोंगरात उतरतो. पोहोचण्याची सुलभता ही सुरक्षिततेची हमी नसते.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ मजूर बर्फाखाली सापडले. त्यांपैकी ४६ जणांना वाचविण्यात यश आले, आठजण मृत्युमुखी पडले. अनेकजण लोखंडी कंटेनरमध्ये असल्याने त्यांना श्वास घेण्यापुरती हवा मिळाली आणि लष्कर व इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाची पथके जवळच असल्याने मदतही लवकर पोहोचली. उघड्या उतारावरील ट्रेकरला या दोन्ही गोष्टी लाभत नाहीत.

दहा मिनिटांचा हिशेब

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एका जवानाचाही समावेश होता. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, तेव्हा साऱ्या देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु ११ फेब्रुवारीला त्यांची प्राणज्योत मालवली. त्या घटनेमुळे बर्फाखाली माणूस दिवसेंदिवस तग धरू शकतो, असा समज पसरला. तो अपवाद होता.

स्वित्झर्लंडमधील नोंदींवर आधारित, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्णपणे गाडल्या गेलेल्या व्यक्तीला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहापैकी सुमारे नऊजण वाचतात. त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते आणि अर्ध्या तासाच्या सुमारास दहापैकी तिघांवर येते. मृत्यूचे प्रमुख कारण थंडी नसून गुदमरणे हे असते. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, स्वतः हात हलवून बाहेर पडणे जवळपास अशक्य होते आणि श्वासाची वाफ तोंडाभोवती गोठून हवेचा मार्ग बंद करते.

हेलिकॉप्टर किंवा आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक दहा मिनिटांत पोहोचेल, अशी जागा हिमालयात क्वचितच असेल. तेव्हा वाचवणारे कोण, तर सोबतचे सहकारी. त्यांच्याजवळ साधने असतील आणि ती वापरण्याचा सराव असेल, तरच.

ही साधने तीन आहेत. पहिले ट्रान्सीव्हर. ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारे आणि टिपणारे हे उपकरण प्रत्येकाने सॅकमध्ये न ठेवता अंगावर, कपड्यांच्या आत बांधावे आणि दिवसभर सुरू ठेवावे. दुसरे प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोध घेण्याची अडीच-तीन मीटर लांबीची घडीची सळई. तिसरे धातूचे फावडे. यांपैकी एक जरी नसले, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग मोठ्या प्रमाणात कमी होतो. हवा भरून फुगणारी एअरबॅगची सॅक माणसाला बर्फाच्या वरच्या भागात राहण्यास मदत करते, मात्र ती पूरक आहे. परदेशातून मागविलेली उपग्रह संदेशयंत्रे किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

उतार ओलांडताना, आणि दुर्घटना घडल्यास

संशयास्पद उतार टाळता येत नसेल, तर परत फिरावे, हा पहिला पर्याय. निर्णय पूर्ण विचाराअंती ओलांडण्याचाच झाला, तर एका वेळी एकानेच जावे आणि इतरांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढावेत, सॅकचा कमरेचा पट्टा सैल करावा, टोपी व जॅकेट बंद करावे. उताराच्या मध्यावर छायाचित्रांसाठी थांबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

बर्फ सुटलाच, तर ओरडून इतरांना सावध करावे आणि कडेकडे निसटण्याचा प्रयत्न करावा. वाहून जाऊ लागल्यास काठ्या सोडून द्याव्यात आणि पृष्ठभागावर राहण्यासाठी धडपड करावी. वेग मंदावत असल्याचे जाणवताच दोन्ही हात चेहऱ्यासमोर आणून श्वासासाठी पोकळी तयार करावी.

बचावलेल्यांनी प्रथम वरून आणखी बर्फ येण्याची शक्यता नाही ना, हे पाहावे. सहकारी शेवटचा कोठे दिसला, ती जागा लक्षात ठेवावी, त्याखालच्या भागात हातमोजा, टोपी अशी एखादी वस्तू दिसते का पाहावे आणि सर्वांचे ट्रान्सीव्हर शोधस्थितीत आणून शोध सुरू करावा. प्रोबला माणूस लागला, की ती सळई तशीच ठेवावी. खोदकाम थेट वरून करू नये. उताराच्या खालच्या बाजूने शिरत, बर्फ मागे सारत जावे. चेहरा प्रथम मोकळा करून तोंडातील बर्फ काढावा आणि श्वास नसल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीदाब सुरू करावा. गट पुरेसा मोठा असेल, तर एकाने त्याच वेळी ११२ या क्रमांकावर किंवा जवळच्या चौकीवर संपर्क साधावा. मात्र सर्वांनी मदत आणण्यासाठी निघून जाणे म्हणजे गाडलेल्याची आशा सोडण्यासारखे आहे. दीर्घकाळ गाडलेला माणूस गारठलेला असतो. त्याला हळुवारपणे, आडवे ठेवून हाताळावे आणि केवळ शरीर थंड लागले म्हणून मृत समजू नये.

खरा अडथळा : आपलेच मन

इयान मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने तेथील सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघातांचे विश्लेषण केले, तेव्हा असे दिसून आले, की बऱ्याच प्रसंगी धोक्याच्या खुणा स्पष्ट होत्या आणि गटात प्रशिक्षित व्यक्तीही होत्या. तरीही पाऊल पुढे पडले. ओळखीची वाट, ठरविलेल्या बेताला चिकटून राहण्याची वृत्ती, नेता सांगतो ते योग्यच असा विश्वास, आधी गेलेल्यांच्या पावलांच्या खुणा आणि ‘ही संधी पुन्हा नाही’ ही भावना यांनी विवेकावर मात केली होती.

आपल्याकडील ट्रेकरच्या बाबतीत ही यादी नेमकेपणाने लागू पडते. महिनोन्महिने आधी काढलेली विमानाची तिकिटे, कार्यालयातून मिनतवारीने मिळविलेली रजा, आयोजकाकडे भरलेले पैसे आणि शिखरावरच्या छायाचित्राची घरी केलेली घोषणा, हा सारा भार पाठीवर घेऊन माणूस त्या उताराशी उभा असतो. पुढे गेलेल्या वीस जणांच्या पाऊलखुणा त्याला धीर देतात. परंतु वीसजण सुखरूप गेले याचा अर्थ उतार पक्का आहे, असा होत नाही. एकविसाव्याचे पाऊल थर पातळ असलेल्या नेमक्या जागी पडू शकते.

यावर उपाय शिखराच्या पायथ्याशी सापडत नाही, तो घरातूनच करून निघावा लागतो. नोंदणी करण्यापूर्वी आयोजकाला काही प्रश्न थेट विचारावेत. वाटेवर तीस अंशांहून तीव्र उतार कोठे आहेत? रोजचा हिमस्खलन इशारा कोण पाहते? मार्गदर्शकाने हिमस्खलन-बचावाचे प्रशिक्षण कोठे घेतले आहे? ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे गटात किती आहेत? खराब हवामानासाठी राखीव दिवस ठेवला आहे काय? शिखर न करता परतावे लागले, तर आर्थिक व्यवहार कसा होईल? या प्रश्नांनी जो आयोजक नाराज होतो, त्याच्यासोबत न गेलेले बरे.

प्रशिक्षणाचा मार्गही उपलब्ध आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आणि पहलगामची जवाहर गिर्यारोहण संस्था येथील अभ्यासक्रमांत बर्फावरील तंत्र शिकविले जाते. महाराष्ट्रातील अनेक गिर्यारोहक याच संस्थांतून घडले आहेत.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवून कागदावर लिहावी. कोणत्या खुणा दिसल्या तर परतायचे, किती वाजता परतायचे आणि गटातील एकाने जरी ‘नको’ म्हटले तर सर्वांनी मागे फिरायचे. हा नकार नवख्याचा असो वा अनुभवी मार्गदर्शकाचा, त्याचे कारण त्या उताराशी उभे राहून वादात काढत बसायचे नाही, ते संध्याकाळी तंबूत विचारायचे. दहा मिनिटांच्या हिशेबात बसणारा बचाव कठीण आहे. त्या हिशेबाची वेळच येऊ न देणारा बचाव प्रत्येकाच्या हाती आहे.